पाण्याने नुकसान झालेल्या घरांना मदत ठरवताना नगरपालिकेने टाळाव्यात अशा चुका

घरांत पाणी शिरल्यानंतर पालिकेची जी विशेष सभा भरते, तिच्यात बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच कोणीतरी प्रति कुटुंब एक रक्कम सुचवतो, दुसरा ती वाढवून मागतो आणि उरलेला सगळा वेळ त्या आकड्यावर खर्च होतो. पाणी कोठून आले, हा प्रश्न मात्र विषयपत्रिकेवर नसतोच. मदतीच्या योजना निधी अपुरा पडल्यामुळे फसतात असे म्हटले जाते; माझ्या पाहण्यात त्या फसल्या आहेत त्या बहुतेक वेळा हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे.

पाणी कोठून आले हे न पाहता रक्कम जाहीर करणे

घरात पाणी येण्याच्या मुख्य वाटा तीन. पावसाचे पाणी रस्त्यावरून उंबरठा ओलांडून आत येते, मैलावाहिनी तुंबली की पाणी संडास-नहाणीतून उलटे वर येते, किंवा पालिकेची जलवाहिनी फुटते. या तिन्हींत जबाबदारी वेगळी, पाण्याची घाण वेगळी आणि पुढचा उपायही वेगळा. एका हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 500 घनमीटर, म्हणजे 5 लाख लिटर पाणी होते. ते तासाभरात कोसळले आणि गटारांच्या क्षमतेपलीकडे गेले, तर त्यात दोष नेमका कोणाचा हे सांगणे अवघड असते. फुटलेल्या जलवाहिनीबाबत तसे म्हणता येत नाही. मैलापाण्याने भिजलेली गादी, उशी किंवा कापूस भरलेला सोफा धुऊन, वाळवून पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. त्यामुळे दोन घरांत पाणी सारखेच चढलेले असले, तरी नुकसान सारखे असेलच असे नाही.

एका छाननीत पाहिलेला अर्ज मला अजून आठवतो. त्या घरासमोरचा रस्ता कोरडा होता आणि शेजारच्या अंगणातही चिखल नव्हता; पण नहाणीच्या जाळीतून काळे पाणी वर येऊन बोटभर उंचीने स्वयंपाकघरापर्यंत पसरले होते. छापील अर्जात ‘पावसाचे पाणी घरात शिरले : होय / नाही’ एवढी एकच ओळ होती. अर्जदार बाईंनी प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण केली आणि त्यांचा अर्ज तेथेच बाद झाला. अर्ज तयार करणाऱ्याच्या मनात फक्त रस्त्यावरचे पाणी होते, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून अर्जात पाण्याची वाट विचारणारे स्वतंत्र रकाने असावेत, आणि त्या दिवशी मलनिःसारण व पाणीपुरवठा विभागांकडे आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीशी पत्ता आणि वेळ ताडून पाहावी. एकाच गल्लीतून तासाभरात मैलापाणी उलटल्याच्या पाच तक्रारी आल्या असतील, तर तुंबलेला चेंबर कोणता हे निम्मे तेथेच कळते. सरसकट रक्कम आधीच जाहीर होऊन गेली असेल, तर ती मागे घेण्याच्या भानगडीत पडू नये. तिला तातडीच्या मदतीचा पहिला हप्ता म्हणावे आणि दुसरा हप्ता कारण व नुकसान पाहून ठरवावा.

मदत आणि भरपाई यांची सरमिसळ

सानुग्रह मदत ही अडचणीत हात देण्यासाठी असते, तर भरपाई ही पालिकेच्या चुकीमुळे किंवा कर्तव्यात कसूर झाल्यामुळे द्यावी लागते. ठरावात हे दोन शब्द आलटून पालटून आले की दोन्हीकडून त्रास होतो. मदत दिली तर दोष कबूल केल्यासारखे होईल या धास्तीने विधी विभाग फाइल अडवून धरतो, आणि नागरिकाला वाटते की मिळालेली किरकोळ रक्कम हाच त्याच्या नुकसानीचा शेवटचा हिशेब. ही मदत कोणतेही दायित्व मान्य न करता दिली जात असून तिच्यामुळे नागरिकाचा भरपाई मागण्याचा हक्क बाधित होत नाही, अशी दोन्ही बाजू सांभाळणारी वाक्यरचना ठरावात असावी. घरात अजून चिखल असताना ‘यापुढे काहीही मागणार नाही’ अशा मजकुरावर सही घेणे मला सरळसरळ अनुचित वाटते, आणि असे कागद पुढे वादात फारसे उपयोगी पडतील याचीही खात्री नसते.

‘पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका’

ही सूचना पुराव्यासाठी दिली जाते, पण तिच्यामुळे नुकसान वाढते. ओल्या वस्तूंवर आणि भिंतींवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते. पथकाला यायला पाच दिवस लागले, तर पहिल्या दिवशी वाचवता आले असते असे कपाट तोवर टाकाऊ झालेले असते. पहिल्याच दिवशी पालिकेने उलट सूचना काढावी : वीज मेन स्विचपासून बंद करा, फोटो काढा, यादी करा आणि घर मोकळे करा. स्विचपर्यंत जाताना पाण्यात उभे राहावे लागत असेल, तर ते काम वीज कर्मचाऱ्यावर सोपवावे, हेही त्याच सूचनेत लिहावे.

फोटो कसे काढायचे हेही सांगावे लागते, नाहीतर लोक ओल्या फरशीचे वीस फोटो पाठवतात आणि त्यांतून काहीच मोजता येत नाही. दारातून पूर्ण खोलीचा एक, आणि जमिनीला टेकवलेली मोजपट्टी व पाण्याची खूण एकत्र दिसेल असा दुसरा, एवढे प्रत्येक खोलीचे पुरेसे होतात. भिंतीकडे नीट पाहिले तर तिच्यावर दोन रेषा दिसतात. खालची चिखलाची बारीक कड म्हणजे पाणी प्रत्यक्ष किती चढले ती पातळी. तिच्या वर वेडावाकडा गडद डाग असतो, तो विटा आणि प्लास्टरने केशाकर्षणाने वर ओढलेल्या ओलीचा. हा डाग दुसऱ्या दिवशी आणखी वर सरकलेला असू शकतो. तपासनीस कधी एक रेषा मोजतात, कधी दुसरी, आणि मग शेजारच्या दोन घरांच्या नोंदींत हातभर फरक पडून भांडणे होतात. पाण्याची पातळी चिखलाच्या कडेवरून आणि दुरुस्तीचे क्षेत्र ओलीच्या डागावरून, असे दोन वेगळे रकाने पंचनाम्यात ठेवले की हा वाद उरत नाही.

भिंती सुकण्याआधी रंगासाठी पैसे

मदतीचे पैसे हाती आले की लोक आधी भिंती रंगवून घेतात, कारण ओलीचे डाग डोळ्यांना खुपतात, आणि काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटून भिंतीला लोणा लागतो. मग ‘काम निकृष्ट झाले’ अशी तक्रार घेऊन तेच कुटुंब पुन्हा पालिकेत येते. दगड-विटांचे बांधकाम सुकण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला साधारण 25 मिलिमीटर जाडी असा धरतात. म्हणजे जाड भिंतीला कित्येक महिने लागणार, आणि वर टाइल्स किंवा तैलरंग असेल तर त्याहूनही जास्त. खिडक्या उघड्या ठेवण्याचा सल्लाही बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच उपयोगाचा आहे. संततधारेच्या दिवसांत खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषून घेणारे यंत्र, लावणे बरे. असे यंत्र प्रत्येक कुटुंबाने विकत घेण्यापेक्षा पालिकेने काही यंत्रे, पंखे आणि ओलावा मोजण्याचे मीटर प्रभाग कार्यालयांत ठेवून पाळीपाळीने द्यावेत. रंग-प्लास्टरचा हप्ता मीटरच्या नोंदीवर सोडला, तर त्याच भिंतीवर दोनदा पैसे खर्च होत नाहीत.

पंप देतानाही सूचना द्यावी. तळघर भरलेले असताना भोवतालची जमीन पाण्याने जड झालेली असते आणि आतले पाणी भिंतींना उलट आधार देत असते. ते एका दमात उपसले, तर भिंत आत ढासळू शकते. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे आणि मध्ये थांबून पातळी पुन्हा चढते का ते पाहावे. पेट्रोल-डिझेलवर चालणारा पंप तळघरात किंवा बंद खोलीत कधीही ठेवू नये, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

भाडेकरू आणि विमा

मालमत्ता कराच्या यादीवरून लाभार्थी काढले की भाडेकरू सुटतात. भिंत मालकाची, पण भिजलेले अंथरूण, पुस्तके आणि शिलाई मशीन भाडेकरूचे असते. म्हणून इमारतीचे नुकसान आणि सामानाचे नुकसान यांसाठी दोन स्वतंत्र अर्ज घ्यावेत. विमा असलेल्यांना पूर्ण वगळणे किंवा विम्याचा निर्णय लागेपर्यंत थांबवणे, दोन्ही चूक. तातडीचा हप्ता सर्वांना द्यावा आणि पुढे विम्याची रक्कम मिळाल्यास त्याच नुकसानीपोटी दिलेला भाग वळता करून घ्यावा.

दरवर्षी त्याच पत्त्यांवर मदत

मागच्या वर्षांच्या याद्या नकाशावर मांडल्या, तर काही घरे पुन्हा पुन्हा दिसतात. मैलापाणी उलटणाऱ्या अशा घरांना रोख रकमेबरोबर मैलावाहिनीच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटे येऊ न देणारी झडप, बसवून देणे अधिक शहाणपणाचे ठरते. येथेही व्हॉल्व्ह बसवून विसरून जाण्याची चूक होते. झडपेत चिंधी किंवा चरबीचा थर अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि मिटली असताना घरातले सांडपाणीही बाहेर जात नाही. त्या वेळी वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ केली, तर तेच पाणी खालच्या नहाणीत येते आणि व्हॉल्व्ह निकामी आहे असा बोभाटा होतो. जोरदार पावसात नळ आणि फ्लश न वापरण्याची सूचना झाकणावरच रंगवून ठेवावी, आणि ते झाकण दर पावसाळ्यापूर्वी उघडून झडप साफ करण्याचे काम घरमालकाचे की पालिकेचे, हे अनुदानाच्या ठरावातच लिहून टाकावे.