जपानी ग्रीन टी भेट देताय? या चुका टाळा

तोक्योत राहायला आले त्या वर्षी दिवाळीला घरी जाताना सांगलीच्या आत्यासाठी मी ग्योकुरो नावाचा जपानी ग्रीन टी नेला. दुकानातला सगळ्यात महाग, शंभर ग्रॅमचा डबा. आत्यानं तो नेहमीच्या पातेल्यात टाकला, आलं किसून घातलं, दूध-साखर घालून दोन उकळ्या काढल्या. कपात आलं ते राखाडी-हिरवं आणि जहाल कडू. 'जरा वेगळाच लागतो गं,' म्हणत तिनं कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कारण तो मी आणला होता. आत्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी चहा पाहून घेतला होता, आत्याचं स्वयंपाकघर आठवून नाही.

तोक्योतल्या निशी-कासाई भागातल्या मराठी घरांतून सुट्ट्या जवळ आल्या की हमखास विचारलं जातं, 'घरी कुठला चहा नेऊ?' माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: घरी चहा कोण करतं, आणि कशात?

किंमत पाहून चहा उचलणं

ग्योकुरो महाग का, ते आधी समजून घ्या. तोडणीआधी साधारण वीस दिवस या झुडपांवर आच्छादन घालतात. पानातल्या थिअनिन या घटकामुळे चहाला गोडसर, दाट चव येते, आणि ऊन लागलं की त्याचं कॅटेचिन होतं, म्हणजे तुरटपणा वाढतो. सावलीत ते थिअनिन टिकतं. ती चव उतरवायला पाणी लागतं 50 ते 60 अंशांचं, तेही अगदी थोडं. उकळत्या पाण्यात तुम्ही ज्याचे पैसे मोजलेत तेच दबून जातं आणि कडवटपणा तेवढा वर येतो.

दुसरी गोष्ट कॅफिनची. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात 100 मिलिलिटर ग्योकुरोत 160 मिलिग्रॅम कॅफिन दिलं आहे. कॉफीत 60, सेन्चात, म्हणजे इथल्या रोजच्या ग्रीन टीत, 20. ग्योकुरो इवल्याशा कपातून घोट-दोन घोट प्यायचा असतो म्हणून ते चालतं. पण ज्या आजोबांना आधीच रात्री झोप लागत नाही, त्यांच्या हातात 'तब्येतीला चांगला' म्हणून ग्योकुरो देऊ नका.

दुधाचा उकळलेला चहा पिणाऱ्या घरासाठी मी आता डोळे मिटून होजिचा नावाचा चहा घेते. ही भाजलेली पानं असतात, रंग तपकिरी, आणि पुडी उघडली की दाणे भाजताना सुटतो तसा खमंग वास येतो. पाणी उकळतं असलं तरी बिघडत नाही, दूध घातलं तरी चव तग धरते. फक्त तो कॅफिनमुक्त आहे असं सांगून देऊ नका; त्या तक्त्यात होजिचाच्या नावापुढेही 20 मिलिग्रॅमच आहे. कॅफिन अजिबात नकोच असेल तर सातूचा, म्हणजे बार्लीचा, 'मुगिचा' नावाचा चहा घ्या. तो ग्रीन टी नव्हे, पण माणसाला सोसेल ते द्यावं.

दुसरा भरवशाचा चहा म्हणजे 'गेन्माइचा'. यात हिरव्या पानांबरोबर भाजलेले तांदूळ असतात आणि त्यातले काही चक्क लाह्यांसारखे फुललेले. आमच्या बाबांना बाकी कुठलाच जपानी चहा रुचला नाही, याची पुडी मात्र पंधरा दिवसांत संपली. तांदळाचा वास ओळखीचा ना!

सेन्चा त्यांच्यासाठी, जे आधीपासून बिनदुधाचा चहा पितात. मे महिन्यात जपानात असाल तर नव्या हंगामाचा शिन्चा शोधा. वसंतारंभापासूनची अठ्ठ्याऐंशीवी रात्र, म्हणजे 2 मेच्या आसपासचा दिवस, इथे चहाच्या तोडणीचा शुभ दिवस मानतात.

हिरवी पूड दिसली की माचा समजणं

माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची बारीक पूड. दगडी जात्यावर तो दळायचा तर एका जात्यातून तासाला जेमतेम 30 ते 40 ग्रॅम पूड पडते. त्यामुळे स्वस्तातली अर्धा किलोची पिशवी समोर आली की थांबा आणि मागचं लेबल वाचा. घटकांत पहिलं नाव साखरेचं असेल तर ते 'माचा लाटे' या दुधाळ पेयाचं तयार मिश्रण आहे. मधुमेह असलेल्या काकांना ते गेलं तर काय, याचा विचार करा. साधा सेन्चा दळून केलेली पूडही मिळते. ती वाईट नसते, कोमट पाण्यात ढवळून प्यायला सोयीची असते, पण तो माचा नव्हे. खरा माचा ताज्या पोपटी-हिरव्या रंगाचा असतो. पिवळट, मळकट दिसला तर घेऊ नका. 'सेरेमोनियल ग्रेड' या इंग्रजी शब्दांवर जास्त पैसे देऊ नका, जपानात अशी कुठली अधिकृत प्रतवारी नाही.

आणि वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना माचा देण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा. माचात अख्खं पानच पोटात जातं आणि पानात 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं.

कमळाचं वेष्टन

ही चूक जपानी माणसाला चहा देताना होते, आणि आपल्या हातून तर फारच सहज. ऑफिसातल्या सहकारिणीच्या लग्नासाठी मी फिकट जांभळ्या कागदातला, कमळ छापलेला सेन्चाचा खोका निवडला. आपल्याला कमळ म्हणजे लक्ष्मी! गल्ल्यावरच्या बाईंनी खोका हातात घेतला, आवाज खाली आणला आणि विचारलं, 'गो-बुत्सुजि देसु का?' श्राद्धकार्यासाठी हवाय का, असा त्याचा अर्थ. इथे भेटवस्तूवर कमळ आलं की ते बौद्ध अंत्यविधीशी जोडलं जातं. त्या बाईंनी विचारलं नसतं तर मी तो खोका नवरीच्या हातात ठेवला असता.

ग्रीन टी ही अंत्यविधीला आलेल्यांना परतभेट म्हणून द्यायची नेहमीची वस्तू आहे. पिऊन संपते, मागे उरत नाही, म्हणजे दुःखही रेंगाळत नाही, अशी त्यामागची भावना. म्हणून मंगल प्रसंगी चहा देऊच नये असं नाही. फुकुओकाकडे तर साखरपुड्याच्या देण्याघेण्यात चहा लागतोच. तिथे मुद्दाम फार चांगला चहा देत नाहीत, कारण चांगला चहा पाण्यात पटकन उतरतो आणि चहा 'उतरणं' नि सून घरातून 'निघून जाणं' यांना जपानीत एकच क्रियापद आहे.

तेव्हा प्रसंग दुकानात स्पष्ट सांगा. आनंदाच्या प्रसंगी वेष्टनावर लाल-पांढरी दोरी, लग्नाला सुटणार नाही अशी गाठ, बाळाच्या जन्माला सुटणारी फुलगाठ, कारण तो आनंद पुन्हा पुन्हा यावा. काळी-पांढरी दोरी शोकाची, आणि क्योतो-ओसाकाकडे पिवळी-पांढरीही. डबे चार किंवा नऊ देऊ नका. चारचा एक उच्चार मृत्यूसारखा होतो, नऊचा यातनेसारखा.

तारीख उलटी वाचणं

जपानी पाकिटावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. काही ठिकाणी वर्ष सम्राटाच्या कालगणनेतलं असतं. रेइवा पर्व 2019 मध्ये सुरू झालं, तेच पहिलं वर्ष, म्हणून 8.3.15 म्हणजे 15 मार्च 2026. हे ठाऊक नसल्यानं चांगला चहा 'मुदत संपलेला' म्हणून फेकला गेलेला मी पाहिला आहे. ही तारीख बंद पाकिटाची असते. एकदा फोडला की महिन्याभरात संपवावा, माचा त्याहून लवकर.

म्हणूनच दोनशे ग्रॅमच्या एका पिशवीपेक्षा पन्नासच्या चार घ्या (घरच्यांसाठी चाराला हरकत नाही). पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडी पुडी दमट व्हायला वेळ लागत नाही. गोडा मसाला आणि हिंगाच्या कपाटात तर चहा ठेवूच नका, पानं वास ओढून घेतात. बंद पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच फोडा. नाहीतर थंड पानांवर पाणी सुटतं.

घरून फोन आला की

'कडू लागतो': पाणी फार गरम होतं. सेन्चाला 70 ते 80 अंश पुरतात. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी आधी रिकाम्या कपात ओतायचं, त्यातून दुसऱ्या कपात, मग पानांवर. प्रत्येक ओतण्यात ते दहाएक अंशांनी उतरतं. दोघांसाठी दोन लहान चमचे पानं, एक मिनिट, आणि शेवटचा थेंबही गाळून घ्यायचा.

'गढूळ आलाय, खराब आहे का?': नाही. तो फुकामुशी, म्हणजे जास्त वेळ वाफवलेला सेन्चा असणार. पानं बारीक तुटलेली असतात, रंग दाट येतो. अर्ध्या मिनिटात गाळा, आणि बारीक जाळीची गाळणी वापरा.

'माचाच्या गुठळ्या झाल्या': पूड आधी चाळा, थोड्या कोमट पाण्यात पेस्ट करा, मग बाकीचं पाणी घाला.

'तरी जमत नाही': मग पाणी तापवूच नका. लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम सेन्चा टाकून बाटली तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा. गार पाण्यात कॅटेचिन कमी उतरतं, चहा गोडसर लागतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घरात शिरल्याबरोबर असा पेला हातात आला तर काय सांगू!

आता मी प्रत्येक पुडीला मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवून देते. यंदा आत्याच्या होजिचावर लिहिलंय: 'एक मोठा चमचा. पाणी उकळतं चालेल. अर्धं मिनिट झाकून गाळ. आधी एकदा बिनदुधाचा पिऊन बघ, मग हवं तर दूध घाल. आलं नको.'