जीमेल तुमचा मेल परत फेकतंय? आधी पीटीआर बघा

स्वतःचा मेल सर्व्हर टाकला, एसपीएफ झालं, डीकेआयएम झालं (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या दोन सोयी), तरी जीमेलकडून ५५०-५.७.२५ असा एरर येतोय? म्हणजे एकतर तुमच्या आयपीला, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्याला, नावच नाही किंवा ते नाव परत त्याच आयपीवर येत नाही. साधा डीएनएस नावावरून आयपी सांगतो, रिव्हर्स डीएनएस आयपीवरून नाव, आणि ती नोंद म्हणजे पीटीआर. हे मागतात कशाला? तर ढीगभर स्पॅम व्हायरस लागलेल्या घरगुती कॉम्प्युटरवरून सुटतो आणि घरच्या कनेक्शनचं पीटीआर काही त्या व्हायरसवाल्याच्या हातात नसतं. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना हे कंपल्सरी केलंय.

आधी सर्व्हरला एक नाव ठरवा, समजा मेल डॉट तुमचंडोमेन डॉट इन, आणि त्याचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) सर्व्हरच्या आयपीवर लावा. हे डोमेनच्या पॅनेलमध्ये होतं, पाच मिनिटांचं काम.

आता पीटीआर, आणि इथेच सगळे आपटतात. मी पण दोन संध्याकाळी त्याच डोमेनच्या पॅनेलमध्ये पीटीआर टाकत बसलो होतो, काही उपयोग नाही, कारण पीटीआर ज्याचा आयपी आहे त्याच्याकडेच लागतो, म्हणजे होस्टिंगवाल्याकडे. हेट्झनर या होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये त्याची सोय आहे, डिजिटल ओशनवर ड्रॉपलेटचं (तिथल्या सर्व्हरला हेच म्हणतात) नाव तेच पूर्ण नाव ठेवलं की पीटीआर आपोआप लागतो. घरच्या ब्रॉडबँडवर असाल तर स्टॅटिक आयपी घेऊन कंपनीच्या मागे लागावं लागेल, त्यापेक्षा नादच सोडा.

मग पोस्टफिक्समध्ये (सर्व्हरवरचं मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) मायहोस्टनेम या सेटिंगला पण तेच नाव ठेवा. थोडा वेळ जाऊ द्या आणि डिग या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडला मायनस एक्स लावून आयपी विचारा, जे नाव येईल ते परत डिगला द्या, फिरून तोच आयपी आला पाहिजे. नुसतं पीटीआर असून भागत नाही, दोन्ही बाजू जुळायला लागतात.

एवढं करूनही अधूनमधून मेल परत येत असतील तर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी, बघा (जुना तो आयपीव्ही४). सर्व्हरला दोन्ही पत्ते असले की मेल कधी याने जातो कधी त्याने, आणि व्ही६ चं पीटीआर लावायला हमखास विसरतो आपण. एकतर ते लावा, नाहीतर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा.

स्वतःच्या सर्व्हरवर येणाऱ्या मेललाही ही चाळणी लावता येते, पण सुरुवातीला फक्त पीटीआर अजिबात नसलेल्यांनाच अडवा. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत असा कडक नियम लावलात तर एखाद्या छोट्या ऑफिसचं खरं बिल पण दारातूनच परत जाईल.