अ‍ॅरेची बेरीज चुकली की छपाई? ८०८६ प्रोग्रॅममधली चूक अशी पकडा

इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरसाठी असेंब्ली भाषेत अ‍ॅरेची (ओळीने ठेवलेल्या आकड्यांची) बेरीज करून छापणारा प्रोग्रॅम लिहिलात. तो असेंबल होतो, चालतो, पण पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं. अशा वेळी कोड वरपासून वाचत बसू नका. आधी एवढंच ठरवा: बेरीज चुकली की छपाई?

नाशिककरांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. निफाडच्या द्राक्षबागेतल्या पाच ओळींतून निघालेले क्रेट: ६०, ७०, ८०, ९०, १००. बेरीज ४००, हेक्समध्ये (सोळाच्या पायात) १९०. आकडे मुद्दाम मोठे घेतलेत. एका बाइटमध्ये २५५ च्या वर मावत नाही, त्यामुळे १ ते ५ घेतल्यावर लपून राहणारी चूक इथे लगेच उघडी पडते.

टर्बो डीबगरमध्ये (प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून आतलं दाखवणारं साधन) लूपच्या पुढच्या ओळीवर कर्सर ठेवून एफ-४ दाबा आणि एएक्स हा रजिस्टर (प्रोसेसरमधली दोन बाइटची जागा; वरचा बाइट एएच, खालचा एएल) बघा. ०१९० दिसलं तर बेरीज बरोबर आहे, तिला हात लावू नका. ००९० दिसलं तर कॅरी, म्हणजे हातचा, हरवला. लूपआधी एएक्स शून्य करा आणि ‘अ‍ॅड एएल, [एसआय]’ (एसआयमध्ये चालू आकड्याचा पत्ता असतो) नंतर हातचा मिळवणारं ‘एडीसी एएच, ०’ घाला. या दोन ओळींच्या मध्ये ‘इन्क एसआय’ आलं तरी चालतं, कारण इन्क (एकने वाढवणं) कॅरी फ्लॅग, म्हणजे हातच्याची नोंद, बदलत नाही. ‘अ‍ॅड एसआय, १’ मात्र बदलतं.

आकडा काहीच्या काही असेल तर डीएस:० वरची मेमरी बघा (डेटा मेमरीत कुठे आहे ते डीएस रजिस्टर सांगतो). सुरुवातीलाच सीडी २० दिसलं की समजा, डीएसमध्ये डेटा सेगमेंटचा पत्ता भरायचाच राहिलाय. ईएक्सई प्रोग्रॅम सुरू होताना डीएस पीएसपीकडे (डॉसने प्रोग्रॅमआधी ठेवलेला माहितीचा भाग) असतो आणि पीएसपीचे पहिले दोन बाइट हेच असतात. लूपच्या फेऱ्यांसाठी फक्त सीएलमध्ये (सीएक्सचा खालचा बाइट) ५ भरत असाल तर सीएचही (वरचा बाइट) तपासा. लूप अख्खा सीएक्स मोजतो. अ‍ॅरे डीडब्ल्यूचा, म्हणजे प्रत्येक आकडा दोन बाइटचा, असेल तर एसआय दोनने वाढवा.

आता छपाई. सगळ्यात जास्त घात होतो तो इथेच: बेरीज एएक्समध्ये असताना डॉसकडून अक्षर छापून घ्यायला ‘मूव्ह एएच, २’ लिहिलं की तिचा वरचा बाइट गेलाच. म्हणून आधी सगळे अंक काढून घ्या. बीएक्समध्ये १० ठेवा, डीएक्स (भाज्य संख्येचा वरचा भाग) शून्य करा, एएक्सला बीएक्सने भागा, डीएक्समध्ये येणारी बाकी पुश करा (स्टॅकवर ठेवा), अंक मोजायला सीएक्स वाढवा. एएक्स शून्य होईपर्यंत हेच. बाक्या ०, ०, ४ अशा पडतात आणि पॉप करताना (स्टॅकवरून परत काढताना) ४, ०, ० असे सुलट निघतात. प्रत्येक अंकात ३० हेक्स (‘०’ या अक्षराचा कोड) मिळवून तो डीएलमधून छापा. मिळवायचं विसरलात तर ४०० ऐवजी पत्त्यातली चौकट आणि पुढे दोन रिकाम्या जागा दिसतील.

डीएक्स प्रत्येक भागाकाराआधी शून्य हवा, फक्त लूपच्या बाहेर एकदा नव्हे. ४०० घेऊन ही चूक दिसणार नाही, कारण पहिल्या दोन्ही बाक्या शून्यच आहेत. शेवटचा आकडा १०० ऐवजी १०९ करा. नीट ४०९ आलं तरच छपाई बरोबर. नाहीतर ९ ची बाकी डीएक्समध्ये राहून पुढचा भागाकार ४० ऐवजी ५,८९,८६४ चा होतो.