कायोटीसाठी नाण्यांचा कॅन

कॅलिफोर्नियातल्या आमच्या गल्लीत अंधार पडला की कायोटी बिनधास्त फिरतो. दिसायला कोल्ह्याचाच भाऊबंद, आणि छोटं कुत्रं म्हणजे त्याला ससाच. त्याला आवाजाने पळवायला हा कॅन.

१. सोड्याच्या रिकाम्या कॅनमध्ये १५-२० नाणी टाका, तोंडाला चिकटपट्टी लावा. कॅन मागच्या दारालाच अडकवा. ड्रॉवरमधला ऐनवेळी सापडत नाही.

२. रात्री कुत्र्याला सोडण्याआधी अंगणातला दिवा लावा, कॅन खळखळवा, कुंपणाच्या कडेने नजर फिरवा. मगच सोडा, आणि स्वतः तिथेच उभे राहा.

३. फिरायला नेताना ६ फुटी साधा पट्टा. लांबत जाणारा नकोच.

४. कायोटी समोर आलाच तर कुत्रं उचला, हात उंच करा, ओरडा, कॅन वाजवा. तो नजरेआड होईपर्यंत. मध्येच थांबलात तर हे नुसतं नाटक आहे हे त्याला कळतं. पळू मात्र नका.

मांजर घरातच. बाहेरची खाण्याची वाटी आणि झाडाखाली पडलेली फळं रोज उचला.

सावधान: वसंतात आणि उन्हाळ्यात कायोटींची पिल्लं असतात. हाकलूनही तो हटत नसेल, मागेमागे येत असेल, तर जवळपास बीळ असावं. तेव्हा कॅन बंद. तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरका.