गावात मोफत आरोग्य शिबिर घेताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून, नागपुरातून आणि परदेशातूनही डॉक्टरांचे गट मेळघाटात, गडचिरोलीत, यवतमाळच्या खेड्यांत शिबिरं घ्यायला येतात. येणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण चुका त्याच त्या होतात, आणि त्या निस्तरायला मागे उरतात आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर.

सगळ्यात घातक चूक म्हणजे दहा दिवसांच्या गोळ्या. शिबिरात शुगर वाढलेली निघाली की लगेच औषध सुरू होतं. हातात एक पट्टी देतात आणि सांगतात, "संपली की दाखवा." कुणाला दाखवायचं? शिबिराची गाडी तर संध्याकाळीच परत गेलेली असते.

घडतं ते असं. साठीच्या शेतमजूर बाईला ग्लिमेपिराइड लिहून दिली जाते, "सकाळी नाश्त्याआधी एक". कापूस वेचणीच्या दिवसांत ही बाई पहाटे कोरा चहा पिऊन वावरात जाते. पहिली भाकर दहा-अकराला, तीही बांधावर. नाश्ता हा प्रकार तिच्या दिवसात नाहीच. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो-नसो, शुगर खाली ओढते. दोन-चार दिवसांत ती ओळीतच मटकन खाली बसते, घामाने भिजते, बरळू लागते. सोबतच्या बायांना वाटतं, पान लागलं, म्हणजे साप चावला. मग पायावर दात शोधण्यात, बंडी जुंपण्यात, 108 ला फोन लावायला रेंज मिळवण्यात वेळ जातो. त्या वेळी गिळता येत असेल तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, मग खायला देऊन दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना. पण हे गोळी देताना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आमचा नियम साधा आहे: जे औषध त्या गावाच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नाही, ते शिबिरात सुरू करायचं नाही. जाण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून त्यांच्याकडची औषधांची यादी घ्या. शुगरसाठी सुरुवात करायचीच असेल तर मेटफॉर्मिन जेवणानंतर. ती एकटी असताना शुगर अशी एकदम पडत नाही. बीपी पहिल्यांदाच वाढलेलं दिसलं तर ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची व्यवस्था लावा. 180/110 च्या वर असेल किंवा छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं असं काही असेल, तर मात्र त्याच दिवशी पुढे पाठवा. नावांच्या यादीची एक प्रत आशाताईंकडे, एक आरोग्य केंद्रात. ही यादी द्यायला वेळ नसेल तर शिबिर घेऊ नका.

याच चुकीचं दुसरं तोंड म्हणजे आधीच्या गोळ्या न बघणं. सरकारी दवाखान्यातली बीपीची अॅम्लोडिपिन चालू असते आणि शिबिरात वेगळ्या नावाची अॅम्लोडिपिन मिळते. माणूस दोन्ही इमानदारीने घेतो. दवंडी देतानाच सांगा: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा.

बीपी मोजण्याची घाई तर बघवत नाही. तीन किलोमीटर पायी आलेल्या माणसाला रांगेतून उठवून, बाहीवरून पट्टा गुंडाळून, बोलता बोलता आकडा घ्यायचा, हे मोजणं नव्हे. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, हात छातीच्या पातळीत टेकवा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडाला असतो. आपल्याकडे कितीतरी बायांचे दंड त्याहून बारीक. मोठ्या पट्ट्यावर बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. छोटा पट्टा सोबत हवाच.

शुगर तपासताना बोट पाण्याने धुवून कोरडं करा. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचून आलेल्या हातांना साखर चिकटलेली असते. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला तर भलताच मोठा आकडा येतो. आणि पट्ट्यांची डबी मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बहुतेक पट्ट्या 30 अंशांपर्यंतच्याच असतात. इथे सावलीतच पारा 45 गाठतो.

आता रक्ताचं. डोळ्याची खालची पापणी आतून पांढुरकी दिसली की लोहाच्या गोळ्या, हा सरसकट मामला विदर्भात चालत नाही. इथे सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. सांधे दुखतात, अधूनमधून कावीळ होते, पोर वारंवार आजारी पडतं, असं कुणी सांगितलं तर आधी तपासणी. सोल्युबिलिटी ही झटपट रक्तचाचणी फक्त संशय सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी चाचणी चुकू शकते. रुग्ण निघाला तर फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी, आणि जिल्हा रुग्णालयात नोंद. लोहाची कमतरता तपासून कळल्याशिवाय लोह नाही, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात ते आधीच साठलेलं असतं.

निकाल मात्र मांडवात ओरडून सांगू नका. "हिला सिकल निघाला" एवढं वाक्य कानावर गेलं की त्या पोरीचं लग्न अडतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तिला आणि तिच्या आईला बाजूला बसवून, वेळ घेऊन सांगायचं.

लहान मुलांचं औषध वजनावर द्या, वयावर नको. तापाचं पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या पोराला 150: पाच मिलिलिटरमध्ये 125 असलेल्या बाटलीतून 6 मिलिलिटर, 250 च्या बाटलीतून 3. दोन्ही बाटल्या एकाच टेबलावर असल्या की गडबड ठरलेली. एकच ताकद न्या, आणि मापाचं झाकण द्या. घरचा चमचा कुणाचा केवढा, सांगता येत नाही.

सुई आणि सलाईन मागितली म्हणून देऊ नका.

धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, भामरागडात माडिया. तिथे मराठीवर भागत नाही. दुभाषा गावातलाच घ्या, पण बाईच्या तपासणीला तिचा सासरा दुभाषा नको. पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा आणि रुग्णालाच म्हणायला लावा, "कोणती कधी घेसान?" पट्टी कापताना औषधाचं नाव आणि मुदत कापली जाणार नाही एवढं बघा.

महाराष्ट्राबाहेरच्या डॉक्टरांनी नोंदणीचं आधी बघावं. परदेशी डॉक्टरांना तात्पुरती परवानगी लागते.

वेचणीत किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत दुपारी शिबिर लावलं तर मांडवात फक्त म्हातारे येतील. संध्याकाळी पाचनंतर लावा.

आणि वापरलेल्या सुया. त्या न टोचणाऱ्या जाड डब्यात बंद करून, आधी ठरवून, आरोग्य केंद्राच्या कचरा व्यवस्थेत द्या. शाळेमागच्या खड्ड्यात टाकाल तर सोमवारी तिथे पोरं खेळणार आहेत.