उरलेल्या कचऱ्यातून ऊर्जा मिळवताना या चुका टाळा

नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोला पोहोचलेल्या कचऱ्याचे चांगले इंधन का होत नाही, याचे उत्तर अनेकदा भट्टीत शोधले जाते. बिघाड मात्र बहुधा घंटागाडीतच झालेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक ओलाव्याची आहे. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता लागते. समजा, पूर्ण कोरड्या कचऱ्याचा उष्मांक प्रतिकिलो 3,500 किलोकॅलरी आहे. त्यात निम्मे पाणी असेल तर हाती जेमतेम 1,480 उरतात, आणि पाणी 20 टक्क्यांवर आणले तर तोच कचरा जवळजवळ 2,690 देतो. पुनर्वापर न होणारा, पण 1,500 किंवा अधिक उष्मांकाचा कचरा जमिनीत न पुरता ऊर्जेसाठी वापरावा, असे 2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम सांगत होते. म्हणजे संत्र्याच्या साली आणि वेष्टने एकाच पिशवीत गेली, की केवळ पाण्यामुळे उपयोगी माल त्या मर्यादेखाली घसरतो. नागपूरचे ऊन येथे मोठा आधार आहे, मात्र कचरा पातळ थरात पसरून वरखाली केला तरच. उंच ढिगात तो आतून कुजतो, मिथेन तयार होतो आणि उन्हाळ्यात आगी लागतात. पावसाळ्यासाठी छताखालची जागा हवीच.

राख अपेक्षेपेक्षा जास्त निघत असेल, तर रस्त्यावरची झाडलोट आणि नाल्यांतील गाळ त्याच गाडीत येतो का, हे आधी तपासावे. माती जळत नाही, उलट तुकडे करणाऱ्या यंत्राची पाती झिजवते. ती फिरत्या चाळणीने सुरुवातीलाच वेगळी करावी.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट भट्ट्यांसारख्या ठिकाणी इंधन पाठवायचे असेल, तर पीव्हीसीचे नळ, रेक्झिन आणि वायरींची आवरणे आधी काढावीत, कारण त्यांतील क्लोरिनमुळे भट्टीत थर साचतात.

उष्मांक वाढावा म्हणून पुठ्ठा आणि बाटल्या इंधनात ढकलणे मला सरळ चुकीचे वाटते. त्यांवर पहिला हक्क कचरावेचकांचा आणि पुनर्वापराचा आहे.

जुन्या ढिगांच्या बायोमायनिंगमधून, म्हणजे ते उकरून आणि चाळून घटक वेगळे करताना, निघणारी बारीक माती खतासारखी दिसली, तरी तिच्यात जड धातू असू शकतात. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ती कोणत्याही शेतात टाकू नये.