निर्णयाची बैठक कशी चालवावी

विभागप्रमुख किंवा प्लांट हेड झालात की हातचं काम कमी होतं आणि दिवस बैठकांत जातो. नेतृत्वाचा खरा सराव तिथेच होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आधी पाहा, निर्णय फिरवता येण्यासारखा आहे का? शिफ्टची वेळ बदलून बघणं किंवा नव्या पुरवठादाराकडून एक ट्रायल लॉट घेणं, असल्या गोष्टींना तुमची बैठक लागतच नाही. त्या खालच्या माणसावर सोपवा आणि नंतर उगाच ढवळाढवळ करू नका. प्लांट हलवणं, दीर्घ मुदतीचा करार, मनुष्यबळ कपात हे मात्र परत फिरत नाही. त्यासाठी बसा, सहा ते आठ जणांनीच.

ज्याचा प्रस्ताव, त्याने दोन पानी टिपण लिहावं. प्रश्न एका वाक्यात, किमान दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, आणि काहीच केलं नाही तर काय होईल तेही. स्लाइडवरच्या तुटक मुद्द्यांत 'म्हणून' आणि 'कारण' गळून जातात. सलग लिहिताना विचारातलं भोक लगेच दिसतं. ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून २००४ मध्ये स्लाइड्स गेल्या त्या यासाठीच. टिपण आदल्या दिवशी पाठवलं तरी निम्मे जण वाचून येत नाहीत. म्हणून पहिली १५ मिनिटं सगळ्यांनी तिथेच, शांतपणे वाचावं.

वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहावं आणि मगच बोलावं, सर्वांत कनिष्ठाने आधी. व्हिडिओवर जोडलेल्यांना खोलीतल्यांच्या आधी विचारा, नाहीतर ते शेवटपर्यंत म्यूटवरच राहतात. तुम्ही सगळ्यांत शेवटी. इथे बहुतेकांचा तोल जातो: 'हे आपण मागे करून पाहिलंय' एवढं साहेबांच्या तोंडून निघालं की बाकीचे त्याचीच री ओढतात, आणि ज्याला धोका दिसत होता तो गप्प बसतो.

'कुणाला काही शंका?' असं विचारून काही हाती लागत नाही; शंका काढणारा आडमुठा ठरतो. त्याऐवजी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची पद्धत वापरा. म्हणा, 'वर्ष उलटलंय, हा निर्णय पार फसलाय. का फसला ते लिहा.' पाच मिनिटं लिहायला द्या, मग प्रत्येकाने एकेक कारण वाचावं. खोट काढणं हेच काम दिलं की माणसं मोकळी होतात.

उठण्यापूर्वी निर्णय मोठ्याने वाचून दाखवा: '१ जुलैपासून नाशिकचा माल नव्या ट्रान्सपोर्टरकडे. जबाबदारी डिस्पॅच मॅनेजरची. शंभरात पाचपेक्षा जास्त गाड्या उशिरा पोचल्या तर ३१ जुलैला फेरविचार.' नाव एकच हवं. दोघांवर टाकलेलं काम कुणीच करत नाही. ज्याचा विरोध होता त्याचा आक्षेप त्याच्या शब्दांत नोंदवा, आणि त्यालाही अंमलबजावणीतला एक ठोस भाग द्या. इतिवृत्त त्याच दिवशी जायला हवं, कारण दोन दिवसांनी प्रत्येकाला वेगळंच आठवतं.

सहा महिन्यांनी ती नोंद पुन्हा काढा. निकाल चांगला लागला का, एवढंच पाहू नका. तेव्हा दिलेली कारणं खरी ठरली का, ते तपासा. चुकीच्या कारणाने साधलेला निर्णय पुढच्या वेळी हमखास गोत्यात आणतो.